वादळाचं शेल्टर आणि बेघरांचं शेल्टर: ही गल्लत थांबवा

अमेरिकेच्या किनाऱ्याकडे हरिकेन निघालं की दरवेळी तीच दोन वाक्यं ऐकू येतात. एक, ‘एवढी शेल्टरं उघडलीत, मग पुलाखाली राहणाऱ्यांनी तिथे जायला काय हरकत आहे?’ आणि दुसरं, ‘बेघरांसाठी शेल्टरं आहेतच की, ज्यांची घरं गेली त्यांना तिथे ठेवा.’ दोन्ही चुकीची आहेत, आणि त्यापायी मदत नको त्या दाराशी जाऊन पडते.

वादळाचं शेल्टर टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ऑगस्ट 2017 मध्ये हार्वी वादळ आलं तेव्हा ह्यूस्टनच्या जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये 5,000 माणसांची सोय धरली होती, आत 10,000 च्या आसपास माणसं होती. एरवी अशी शेल्टरं शाळेच्या जिममध्ये असतात. काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, किंवा रेड क्रॉस ती चालवते. वारा आणि भरतीची लाट सोसेल अशी इमारत निवडलेली असते. फ्लोरिडात माणशी 20 चौरस फूट जागा धरतात, वैद्यकीय गरज असलेल्यांच्या शेल्टरात 60. वादळ डोक्यावरून जाईपर्यंत बऱ्याच ठिकाणी खाटही मिळत नाही, अंथरूण आपलं आपण न्यायचं.

बेघरांचं शेल्टर वर्षभर, रोज रात्री चालू असतं. ते एखादी धर्मादाय संस्था चालवते आणि खाटा वादळाच्या आधीपासूनच भरलेल्या असतात. इमारत बहुधा जुनी, कधी थेट सखल भागातली. स्थलांतराचा हुकूम निघाला की अशा शेल्टरला माणसं आत घेता येत नाहीत, उलट स्वतःच रिकामं व्हावं लागतं. 200 माणसं हलवायची म्हणजे 50 आसनांच्या चार बस, व्हीलचेअरवाल्यांसाठी लिफ्टची गाडी वेगळी, शिवाय प्रत्येकाची औषधं. आतल्या भागातल्या कुठल्या संस्थेकडे जायचं हा करार 1 जूनला वादळांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी कागदावर हवा. हुकूम निघाल्यावर बस मागायला गेलात तर त्या शाळांनी आणि रुग्णालयांनी आधीच धरलेल्या असतात. आणि खाटांची यादी छापून ठेवा. नोंदी ऑनलाइन असतात, इंटरनेट गेलं की कोण कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ या हवामान खात्याच्या दोन इशाऱ्यांतला फरक एका ओळीचा आहे: वादळी वारे पोचायच्या साधारण 48 तास आधी वॉच, 36 तास आधी वॉर्निंग. गाडी असलेला माणूस वॉर्निंगनंतर निघाला तरी चालून जातं. आउटरीच पथकांना, म्हणजे रस्त्यावर फिरून बेघरांना गाठणाऱ्या कार्यकर्त्यांना, मात्र वॉचच्याही आधी सुरुवात करावी लागते. पुलाखाली, नाल्याकाठी, झाडीत एकेका तंबूपाशी निदान दोनदा जायला हवं: पहिल्यांदा बस कुठून आणि कधी सुटणार ते सांगायला, दुसऱ्यांदा माणसाला घेऊन यायला. सलग वारा ताशी 65 किलोमीटरच्या आसपास गेला की पथकं आणि रुग्णवाहिका थांबतात. त्यानंतर कुणालाही आणता येत नाही.

जेवण, अंघोळ, कुत्र्यामांजरांचे नियम हे फरक शेल्टरागणिक बदलतात, त्यात फार अडकू नका.

खरी मेख आहे ती बाहेर पडण्यात. वादळाच्या शेल्टरची सगळी आखणी एका गृहीतावर उभी आहे: आलेल्या माणसाला परत जायला घर आहे, किंवा निदान कालपर्यंत होतं. बेघरांच्या शेल्टरचं गृहीत नेमकं उलटं.

शेजारशेजारच्या दोन खाटा घ्या. एकीवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये छातीएवढं पाणी शिरलेली बाई, दुसरीवर पुलाखालचा तंबू वाहून गेलेला माणूस. जेवण एकच, रांग एकच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फेमाचा, म्हणजे केंद्राच्या आपत्ती यंत्रणेचा अर्ज समोर येतो आणि दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. फेमाची घरासाठीची मदत, म्हणजे भाडं किंवा दुरुस्ती, ही वादळाने राहतं घर बिघडवल्याबद्दल असते. बाईला ती मिळू शकते. त्या माणसाचं बिघडलेलं घरच कागदावर नाही. म्हणून ‘वादळाआधीच बेघर’ असा शिक्का बसतो आणि बरेच जण तिथेच अर्ज सोडून देतात.

सोडू नये. घरभाड्याची दारं बंद असली तरी वाहून गेलेलं सामान, दवाखान्याचा खर्च यांसाठी विचार होऊ शकतो. तंबू किंवा आडोसा हेच राहण्याचं ठिकाण होतं, हे खात्रीलायक कुणी लिहून दिलं तर राहण्यासाठीची मर्यादित मदतही शक्य असते. ते पत्र कोण देणार? त्या माणसाला ओळखणारा आउटरीच कार्यकर्ता. पत्रात नेमकी जागा हवी, तो तिथे कधीपासून होता ते हवं, शेवटचा कधी दिसला ती तारीख हवी. म्हणजे या नोंदी मे महिन्यातच झालेल्या असायला हव्यात. अर्जाची मुदत साधारणपणे आपत्ती जाहीर झाल्यापासून 60 दिवस असते, आणि ओळखपत्र भिजून गेलं असेल तर त्यातले बरेच दिवस नव्या ओळखपत्रातच जातात. म्हणून झिप लावलेली प्लास्टिकची पिशवी आणि त्यात कागद, हे वादळाआधी वाटायचं सगळ्यात कामाचं सामान.

मग शाळा उघडायची वेळ येते. शेल्टरं एकत्र करत करत एकच उरतं. त्यात शेवटी राहतात आधीपासून बेघर असलेले, आणि आणखी एक गट जो सगळ्यांच्या नजरेतून सुटतो: मित्राच्या सोफ्यावर झोपणारे, आठवड्याच्या भाड्याने मोटेलात राहणारे, ज्यांच्या नावावर करारनामा नाही. वादळानंतर मोटेलं विमा कंपन्यांच्या माणसांनी आणि बांधकाम मजुरांनी भरतात, भाडी चढतात, आणि हे लोक पहिल्यांदाच रस्त्यावर येतात. 2005 च्या कतरिना वादळानंतर दोन वर्षांनी न्यू ऑर्लिन्समधल्या बेघरांची संख्या वादळाआधीच्या दुपटीच्या आसपास गेली, ती अशाच माणसांनी. फेमाच्या मदतीत न बसणाऱ्यांसाठी केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने 2022 मध्ये इयान वादळानंतर ‘रश’ नावाचा वेगळा निधी सुरू केला. तो आधीच यायला हवा होता.

शेल्टर बंद व्हायच्या दिवशी धावपळ करून काही साधत नाही. दुसऱ्या दिवसापासूनच तिथे घरं शोधून देणाऱ्या संस्थेचं टेबल हवं. विचारायचा प्रश्नही साधा ठेवावा: ‘वादळाच्या आदल्या रात्री कुठे झोपला होतात?’ ‘पत्ता काय?’ असं विचारलं की माणूस जुना कुठलातरी पत्ता सांगतो आणि नोंद चुकते. हा प्रश्न दारात मात्र कधीही विचारू नये. 2017 मध्ये इर्मा वादळाच्या आधी फ्लोरिडातल्या पोक काउंटीच्या शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, जाहीर केलं की शेल्टरच्या दाराशी ओळखपत्रं तपासली जातील आणि वॉरंट असलेल्यांना तुरुंगात नेलं जाईल. कोर्टाची छोटीशी तारीख चुकलेला माणूसही हे ऐकून पुलाखालीच राहतो. त्याच वादळात मायामीत शेल्टरला नकार देणाऱ्या काही जणांना बेकर कायद्याखाली, म्हणजे मानसिक तपासणीसाठी 72 तासांपर्यंत ताब्यात घेण्याच्या तरतुदीखाली, उचललं गेलं. जीव वाचवण्याचा हेतू मान्य आहे, पण पुढच्या वादळात तीच माणसं पथकाची गाडी दिसली की झाडीत लपणार. त्यापेक्षा ती नकार का देतात ते पाहावं. सामान चोरीला जाईल, जोडीदारापासून तोडतील, मेथाडोनचा (अफूजन्य व्यसनावरच्या औषधाचा) रोजचा डोस चुकेल, परत कुणी आणून सोडणार नाही. यातल्या प्रत्येकावर उपाय आहे: नाव लावलेल्या दोन मोठ्या बॅगा बसमध्ये घेऊ द्या, दवाखान्याकडून आगाऊ डोसची व्यवस्था करा, परतीची बस आधीच ठरवा आणि तसं सांगा. न्यू ऑर्लिन्समध्ये गाडी नसलेल्यांसाठी 17 ठरलेले थांबे आहेत, बहुतेक ठिकाणी खूण म्हणून उंच पोलादी पुतळे उभे आहेत, आणि तिथल्या योजनेत परत आणणंही धरलेलं आहे. हीच पद्धत मला सगळ्यात पटते.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी वादळानंतर जुने कपडे गोळा करून कन्व्हेन्शन सेंटरला पाठवू नयेत, तिथे ते निवडायलाच माणसं अडकून पडतात. त्याऐवजी पैसे मे महिन्यात स्थानिक आउटरीच संस्थेला द्या: जलरोधक पिशव्या, पॉवर बँक, मोजे, बसचे पास आणि ओळखपत्राची फी यांसाठी.