आय आणि वृद्धी गुंतवणूक (कॅनडा)

आय आणि वृद्धी गुंतवणूक (कॅनडा) : सल्लागार न नेमता सवलतीच्या दलाली पेढीत खाते उघडून स्वतःच खरेदी-विक्री करणाऱ्या कॅनडातील गुंतवणूकदाराने दोन प्रकारच्या साधनांतून केलेली निवड. एका बाजूला नियमित उत्पन्न देणारी साधने (लाभांश देणारे समभाग, रोखे, मुदत ठेवी, स्थावर मालमत्ता न्यास) आणि दुसऱ्या बाजूला मूल्यवाढीवर भिस्त असलेली. मराठी वाचकाला म्युच्युअल फंडाच्या अर्जावरचे ‘ग्रोथ’ आणि ‘डिव्हिडंड’ हे दोन पर्याय आठवतील. भारतात सेबीने एप्रिल २०२१ पासून यांपैकी दुसऱ्या पर्यायाचे नाव बदलले आणि त्या वाटपात भांडवलाची परतफेडही असू शकते हे नावातच आणले. कॅनडातल्या चर्चेचे मूळही तेच आहे : हाती आलेली रक्कम कमाई आहे, की आपल्याच मुद्दलाचा तुकडा?

स्वतः गुंतवणूक करण्याची प्रथा कॅनडात दलालीचे ठरावीक दर १९८३ मध्ये रद्द झाल्यानंतर रुजली, असे सामान्यतः मानतात. बँकांच्या सवलतीच्या दलाली पेढ्या त्यानंतर लवकरच, १९८४ च्या सुमारास सुरू झाल्या. दुसरा टप्पा मार्च १९९० चा. त्या महिन्यात टोराँटो शेअर बाजारात ‘टोराँटो ३५ इंडेक्स पार्टिसिपेशन युनिट्स’ची खरेदी-विक्री सुरू झाली आणि ३५ मोठ्या कंपन्यांचा संच एका समभागासारखा विकत घेता येऊ लागला. जगातील पहिला ईटीएफ (समभागासारखा बाजारात विकला जाणारा फंड) हाच का, याबद्दल मतभेद आहेत. अमेरिकेत १९८९ मध्ये असेच एक साधन आले होते; पण ते वायदा करार ठरते असा न्यायालयाचा निर्णय झाल्याने त्याचे व्यवहार थांबले. तेथील टिकलेला पहिला ईटीएफ जानेवारी १९९३ चा. म्हणून अग्रक्रम टोराँटोला देणे अधिक सयुक्तिक दिसते.

लाभांशाचा वाद : समभागाची किंमत म्हणजे त्यातून पुढे मिळणाऱ्या लाभांशांचे आजचे मूल्य, ही मांडणी अर्थशास्त्रज्ञ जॉन बर विल्यम्स यांनी १९३८ मध्ये केली. मायरन गॉर्डन यांनी १९५६ मध्ये एली शापिरो यांच्यासह व पुढे स्वतंत्रपणे तिला आटोपशीर सूत्राचे रूप दिले. हे गॉर्डन पुढे टोराँटो विद्यापीठात प्राध्यापक होते. सूत्र असे : पुढील वर्षाचा लाभांश भागिले (अपेक्षित परतावा वजा लाभांशाचा वृद्धिदर). लाभांश ४ डॉलर, अपेक्षित परतावा ९ टक्के आणि वृद्धिदर ४ टक्के धरला, तर किंमत ८० डॉलर येते. वृद्धिदर ५ टक्के धरताच ती १०० डॉलर होते. एका टक्क्याच्या फरकाने किंमत पावपटीने वाढते. म्हणजे ज्याला आपण ‘उत्पन्नाचा समभाग’ म्हणतो, त्याच्या किमतीतही वृद्धीचा अंदाज मुरलेलाच असतो. आय आणि वृद्धी या दोन वेगळ्या पेट्या नाहीत, हे या साध्या भागाकारातून जितके स्पष्ट होते तितके लांबलचक विवेचनातून होत नाही.

गॉर्डन यांच्या मते आजचा लाभांश उद्याच्या मूल्यवाढीपेक्षा कमी अनिश्चित असतो, म्हणून गुंतवणूकदार त्याला जास्त मोल देतो. मराठीत हाच विचार ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ असा सांगितला जातो. मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिग्लियानी यांनी १९६१ मध्ये उलट बाजू मांडली. कर आणि दलाली नसेल, तर कंपनी लाभांश देते की नफा राखून ठेवते याने भागधारकाच्या संपत्तीत फरक पडत नाही : एक डॉलर लाभांश दिला की समभागाची किंमत साधारण तेवढ्याने उतरते आणि ज्याला पैसा हवा तो थोडे समभाग विकून तो उभा करू शकतो. हर्श शेफ्रिन व मेयर स्टॅटमन यांनी १९८४ मध्ये या वादाला मानसशास्त्राची जोड दिली. लाभांश खर्चावा, पण मुद्दलाला हात लावू नये, हा नियम माणूस स्वतःला आवर घालण्यासाठी पाळतो, असा त्यांचा निष्कर्ष. तीन-चार पिढ्या हा नियम घरात पाळलेल्या मराठी माणसाला तो पटवून द्यावा लागत नाही. गणिताच्या कसोटीवर मात्र मिलर-मोदिग्लियानी यांची बाजू, म्हणजे एकूण परताव्याचा विचार, अधिक भक्कम आहे. अट एवढीच की कर शून्य धरायचा. आणि कॅनडात तो शून्य नाही.

करआकारणी : कॅनडात भांडवली नफ्यावर कर १९७२ पासून आहे. सध्या निम्मा नफा करपात्र धरतात. हे प्रमाण १९९० च्या दशकात ७५ टक्के होते. मोठ्या नफ्यासाठी ते दोन-तृतीयांश करण्याचा २०२४ चा प्रस्ताव मार्च २०२५ मध्ये मागे घेतला गेला. लाभांशाची रीत वेगळी. कंपनीने आधीच कर भरलेला असतो. म्हणून कॅनडातील मोठ्या कंपनीचा १०० डॉलर ‘पात्र’ लाभांश विवरणपत्रात १३८ डॉलर म्हणून दाखवायचा, त्यावर कर काढायचा आणि त्यातून १३८ च्या १५.०१९८ टक्के, म्हणजे २०.७३ डॉलर, वजा करायचे. केंद्रीय २०.५ टक्के टप्प्यातील माणसाला असा ७.५६ डॉलर कर पडतो. तेवढ्याच भांडवली नफ्यावर १०.२५ आणि व्याजावर २०.५० डॉलर. ३३ टक्क्यांच्या सर्वोच्च टप्प्यात क्रम उलटतो : लाभांशावर २४.८१, भांडवली नफ्यावर १६.५०. (प्रांतांचा कर निराळा.) मध्यम उत्पन्नाच्या माणसाला लाभांश आणि श्रीमंताला वृद्धी सोयीची, हे कॅनडातील चित्र मुख्यतः या आकडेमोडीतून आले आहे. निवृत्तांना मात्र एक अडचण भोवते. १०० चे १३८ झाल्याने कागदोपत्री उत्पन्न फुगते आणि ते ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की सरकारी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातून कपात होते.

करसवलतीच्या नोंदणीकृत खात्यांत ही गणिते लागू होत नाहीत. आरआरएसपी ही निवृत्तीसाठीची बचत योजना १९५७ पासून आहे. तीत मागील वर्षाच्या अर्जित उत्पन्नाच्या १८ टक्क्यांपर्यंत, कमाल मर्यादेत, रक्कम घालता येते आणि काढताना सगळीच साधे उत्पन्न म्हणून करपात्र ठरते. टीएफएसए हे करमुक्त बचत खाते १ जानेवारी २००९ ला वार्षिक ५,००० डॉलरांनी सुरू झाले; २०२५ साठी मर्यादा ७,००० डॉलर. त्यात वाढलेल्या रकमेवर कर नाही. अमेरिकी कंपन्यांच्या लाभांशातून कापला जाणारा १५ टक्के कर मात्र टीएफएसएमध्ये सुटत नाही. आरआरएसपीत अमेरिकी बाजारातला समभाग थेट ठेवल्यास सुटतो. तेव्हा कोणता समभाग घ्यावा, याआधी तो कोणत्या खात्यात जाणार हे ठरवणे शहाणपणाचे.

उत्पन्न न्यास : कर वाचवण्यासाठी उत्पन्नाच्या मागे धावण्याचा कॅनडातील सर्वांत मोठा प्रसंग. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तेल-वायू क्षेत्रात आणि नंतर इतर धंद्यांतही कंपन्या न्यासाचे रूप घेऊ लागल्या. न्यास कंपनीकर न भरता कमाई सरळ युनिटधारकांना वाटत असे. हा फरक कमी करण्यासाठीच नोव्हेंबर २००५ मध्ये पात्र लाभांशाची वाढीव सवलत जाहीर झाली. २००६ च्या निवडणुकीत न्यासांवर कर लावणार नाही असे आश्वासन देऊन कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष सत्तेवर आला. पण टेलस आणि बीसीई या दूरसंचार कंपन्यांनीही न्यास होण्याचे बेत जाहीर केल्यावर ३१ ऑक्टोबर २००६ रोजी, हॅलोविनच्या संध्याकाळी, अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनी कर जाहीर केला. जुन्या न्यासांना तो २०११ पासून लागू झाला. स्थावर मालमत्ता न्यास वगळले गेले. दुसऱ्या दिवशी न्यासांचे भाव कोसळले. त्यांत अनेक निवृत्तांची पुंजी होती, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता.

दोन्ही बाजूंना धोक्याचे दाखले आहेत. २००० च्या उन्हाळ्यात नॉर्टेल ही दूरसंचार उपकरणांची एकटी कंपनी टोराँटोच्या मुख्य निर्देशांकाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग झाली होती. जानेवारी २००९ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. उलट बाजूला, बँक ऑफ मॉन्ट्रिऑल १८२९ पासून अखंड लाभांश देत आली आहे, पण बीसीईने मे २०२५ मध्ये वार्षिक लाभांश ३.९९ डॉलरांवरून १.७५ वर आणला. कपातीआधी भाव इतका उतरला होता की भावाच्या तुलनेत लाभांशाचा दर १० टक्क्यांच्या वर दिसत होता. असा दर हा बहुधा इशारा असतो.

कॅनडाच्या बाजारात बँका व विमा, तेल-वायू आणि खाणी यांचेच वजन फार. त्यामुळे लाभांशापुरते पाहणाऱ्याची गुंतवणूक नकळत मोजक्या धंद्यांत गोळा होते. २०१८ पासून मिळणारे, समभाग-रोखे ६०:४० किंवा ८०:२० अशा ठरलेल्या प्रमाणात ठेवणारे एकत्रित ईटीएफ यावर सोपा उपाय ठरले आहेत.

हिशेबाची वही : साध्या, म्हणजे नोंदणीकृत नसलेल्या, खात्यात सरासरी खरेदी किंमत स्वतः सांभाळावी लागते. १०० युनिट ३० डॉलरने आणि नंतर ५० युनिट ३६ डॉलरने घेतले, तर सरासरी ३२. वाटपात युनिटमागे १ डॉलर भांडवल परतफेड असेल, तर ती ३१ होते. त्या डॉलरवर आज कर नाही, पण विकताना नफा तेवढ्याने वाढतो. लाभांशातून आपोआप घेतलेले युनिटही यात धरायचे. भारतात आधी घेतलेले आधी विकले असे मानतात. त्या सवयीने आलेल्यांची इथे हमखास चूक होते.

महाराष्ट्रातून स्थायिक झालेल्यांना टीएफएसएची मर्यादा रहिवासी झाल्याच्या वर्षापासूनच मिळते, मागची मिळत नाही. भारतात करमुक्त असलेले पीपीएफ आणि एनआरई खात्याचे व्याज कॅनडात करपात्र आहे. कॅनडाबाहेरील गुंतवणुकीची एकूण खरेदी किंमत वर्षात कधीही १ लाख डॉलरांवर गेली, तर टी११३५ हे विवरण भरावे लागते. रहिवासी झाल्याचे पहिले वर्ष त्यातून वगळले आहे. भाड्याने दिलेला पुण्यातला फ्लॅट यात मोडतो, आणि त्याची खरेदी किंमत म्हणून कॅनडात आल्या दिवशीचा बाजारभाव धरतात. म्हणून त्या तारखेचे मूल्यांकन कागदावर करून ठेवावे.