छोट्या विमानातल्या कोलांटीची पार्श्वभूमी

11 ऑक्टोबर 2024 रोजी नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर हवाई दलाचं सी-295 मालवाहू विमान उतरलं आणि सुखोई-30 घोंघावत वरून गेलं. उलवे-पनवेलच्या पोरांना विमानाचं वेड लागायला एवढं पुरेसं आहे. ठाणे-नवी मुंबईतून पायलट व्हायला निघालेल्यांना बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया गाठावं लागतं. तिथे सेस्नासारख्या छोट्या विमानात बसलं, की ‘याने लूप, म्हणजे हवेत उभी कोलांटी, मारता येतो का?’ हा प्रश्न कधी ना कधी मनात येतोच.

पहिला लूप रशियाच्या प्योत्र नेस्तेरोव्हने 9 सप्टेंबर 1913 रोजी कीव्हजवळ मारला. सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून त्याला शिक्षा झाली. त्याच महिन्यात फ्रान्सच्या अदोल्फ पेगूने हीच करामत करून नाव कमावलं, तेव्हा कुठे नेस्तेरोव्हलाही बढती मिळाली. पुढे कसरतींचे जाहीर खेळ सुरू झाले आणि त्यांची किंमतही दिसू लागली. अमेरिकेचा लाडका वैमानिक लिंकन बीची 14 मार्च 1915 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत प्रेक्षकांसमोर खाडीत कोसळला. विमान वर खेचताना पंखच तुटले होते. हात कसलेला होता, विमान तेवढं मजबूत नव्हतं.

हा फरक आजही तसाच आहे. सेस्ना 172 ‘नॉर्मल’ वर्गात 3.8 जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या 3.8 पट, इतका भार झेलायला मंजूर आहे; कसरतींसाठी बांधलेल्या विमानांना किमान 6 जी लागतात. भार उलट्या दिशेने आला तर नॉर्मल वर्गाची मर्यादा जेमतेम दीड जी. शिवाय साध्या सेस्नात उलटं उडताना इंजिनाला तेल-इंधन पुरवणारी सोय नसते.

खरा घात होतो तो फसलेल्या रोलमध्ये, म्हणजे विमान स्वतःभोवती आडवं गरकन फिरवताना. विमान कुशीवर वळतं, नाक खाली झुकतं, उलट्या अवस्थेत नवखा माणूस घाबरून योक (विमानाचं सुकाणू) पोटाशी ओढतो. विमान उलटंच जमिनीकडे वळतं आणि वेग झपाट्याने वाढतो. सेस्ना 172 च्या 172-एस या मॉडेलमध्ये पूर्ण वजनाला 105 नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वर योक जोरात खेचणं धोक्याचं, आणि लाल रेषा, म्हणजे कधीच ओलांडू नये असा वेग, 163 नॉटवर. वेग दुप्पट झाला तर पंखांवर येऊ शकणारा भार चौपट होतो. जोरात खेचलं तर पंख जातात, हळू खेचलं तर खाली जमीन असते. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याच क्षणाची, कारण तिथे अंगभूत प्रतिक्रियाच वैमानिकाच्या विरोधात जाते.

गिरकीचंही, म्हणजे स्पिनचंही, तेच. ऑगस्ट 1912 मध्ये ब्रिटिश नौदलाचा लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क गिरकीत सापडला. आधी त्याने विमान वळवायची दांडी ओढून पाहिली, काही उपयोग झाला नाही. मग रडर (शेपटीवरचं, पायाने चालवायचं सुकाणू) गिरकीच्या उलट्या बाजूला दाबला आणि जमिनीपासून सुमारे 50 फुटांवर विमान सावरलं. आजही गिरकीतून सुटायला तोच उलटा रडर शिकवतात.

विमान कसरतीचं असलं तरी उंची नसेल तर सुटका नाही. 23 जून 1980 रोजी दिल्लीत सफदरजंगजवळ संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना यांचा मृत्यू झाला तो पिट्स एस-2ए विमानात. पिट्स खास कसरतींसाठीच बनवलेलं. पण खेळ जमिनीच्या फार जवळ चालला होता.

अमेरिकेत 1,500 फुटांखाली आणि दाट वस्तीवर कसरतींना बंदी आहे, सोबत प्रवासी असेल तर दोघांच्या पाठीवर पॅराशूट हवं. आपल्याकडे 1937 च्या विमान नियमांतच लोकांना धोका होईल असं उड्डाण निषिद्ध ठरवलं गेलं.

म्हणून मुलाला फ्लाइंग स्कूलमध्ये घालणाऱ्या पालकांनी फी विचारताना हेही विचारावं: स्पिनमधून बाहेर काढायला कोण शिकवतं, कोणत्या विमानात, किती उंचीवर? आणि त्या विमानाच्या हँडबुकात स्पिनला परवानगी आहे का, ते पान दाखवायला सांगावं.