‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ ही ओळ आली कुठून?

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून इंग्लिश टेक्स्टबुक घेतलंत तर मागचं कव्हर बघा, बारकोडच्या आसपास बारीक अक्षरात असतं की हे पुस्तक फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका वगैरेतच विकायचं. इंजिनिअरिंगच्या पोरांना ही ओळ चांगली माहितीये कारण त्याच पुस्तकाची अमेरिकेतली किंमत बघितली की डोळे पांढरे होतात. पण तिचं मूळ करारात असतं, कुठल्या देशाचे हक्क कुणाला दिले त्यात, आणि हे वाटप सुरू झालं चोरीमुळे.

अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यात कॉपीराइट फक्त तिथल्या नागरिकांना आणि रहिवाशांना. म्हणजे इंग्लंडातलं पुस्तक बोटीतून उतरलं की ज्याच्याकडे छापखाना असेल त्याने खुशाल छापावं, लेखकाला दमडी नाही. इंग्लिश कादंबरीकार डिकन्स १८४२ ला तिकडे गेला, जेवणावळी झाल्या, सत्कार झाले, आणि भाषणात त्याने हा विषय काढला तर तिथले पेपरवाले त्याच्यावरच उखडले, पैशासाठी आलाय म्हणे. मग धंद्यानेच एक तोड काढली: पुस्तक लंडनच्या बाजारात यायच्या आधीच छापलेले फर्मे (न बांधलेली सुटी पानं) बोटीने अमेरिकेला पाठवायचे आणि तिथला प्रकाशक त्याचे पैसे मोजायचा. हक्क विकत घ्यायला नव्हताच, तो बाकीच्यांच्या आधी छापायला मिळणारे चार दिवस विकत घ्यायचा. मला तर परदेशी हक्कांचा खरा जन्म हाच वाटतो.

तिकडे लाइपझिगमध्ये टाउखनिट्स नावाच्या प्रकाशकाने १८४१ ला इंग्लिश पुस्तकांची स्वस्त मालिका काढली आणि कायद्याची सक्ती नसताना १८४३ पासून लेखकांना पैसे द्यायला लागला. अट एकच, ही प्रत इंग्लंडात न्यायची नाही, तसं पुस्तकावर छापलेलंच असायचं. आपल्या कव्हरवरच्या ओळीची ही पणजी.

१८८६ ला बर्न करार झाला, म्हणजे एकमेकांच्या लेखकांचा कॉपीराइट मानायचा असा देशादेशांतला करार, पण त्यात भाषांतराचा हक्क फक्त १० वर्षं, पूर्ण मुदत मिळायला १९०८ उजाडलं. अमेरिका त्यात नव्हतीच (आली थेट १९८९ ला!). तिने १८९१ ला परदेशी लेखकांना कॉपीराइट दिला तो खोचक अट घालून, की पुस्तकाचे खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) अमेरिकेतच जुळवायचे. झालं, अमेरिकेसाठी वेगळा प्रकाशक शोधा आणि वेगळा करार करा.

आणि आपण? १९४७ ला ब्रिटिश प्रकाशकांनी आपसात ठरवलं की अमेरिकन पुस्तकाचे हक्क घ्यायचे तर साम्राज्यातल्या ७० च्या आसपास देशांसकट, नाहीतर नकोच. म्हणजे इकडे झेंडा उतरला त्याच वर्षी पुस्तकांच्या बाजारात आपण लंडनच्या खात्यात पक्के झालो. १९७६ ला अमेरिकन सरकारने कोर्टामार्फत हे मोडलं, सवय मात्र लगेच सुटली नाही.

यातून लेखकाने काय धरायचं, तर भाषांतराचे आणि परदेशी हक्क कुणाच्या हातात ठेवायचे ते. प्रकाशकाकडे दिले तर तो जर्मनीला भाषांतर विकतो, साधारण २०-२५ टक्के ठेवतो, उरलेले लेखकाचे, पण रॉयल्टीपोटी आधी दिलेला अ‍ॅडव्हान्स अजून फिटला नसेल तर तेही बऱ्याचदा त्यातच वळते होतात आणि हातात येतं फक्त स्टेटमेंट. स्वतःकडे ठेवले तर लेखकाच्या वतीने हक्क विकणारा एजंट साधारण २० टक्के घेतो, बाकी सरळ खिशात. अर्थात एजंट असेल तर, मराठीत तो आणायचा कुठून.

आपला १९५७ चा कायदा तसा लेखकाच्या बाजूचा आहे. कलम १९ म्हणतं, करारात प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं. गोची अशी की करारात बरोब्बर तेवढं लिहिलेलं असतं. एका मित्राने त्याचा करार दाखवला, स्टॅम्पपेपरवर दोन पानं, रॉयल्टीचा हिशोब नीट, आणि खाली एक ओळ, ‘सर्व भाषांतील व सर्व देशांतील हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’. त्याबदल्यात काय मिळणार याचा एक शब्द नाही. याने विचारलं, तर प्रकाशक म्हणाले अहो, ते छापीलच येतं, आजवर कुणी विचारलं नाही. पेन काढून ओळ खोडली, बाजूला दोघांनी सह्या केल्या, चहा आला.