पाय गार पडलेत, की नुसते गार वाटताहेत?

मधुमेह असलेलं कुणी ‘माझे पाय कायम गार असतात’ म्हणालं, की आधी आपला पंजा उलटा करून त्यांच्या पावलाला लावून पाहावा. पुष्कळदा पाऊल चक्क कोमट लागतं. तक्रार मात्र खरीच असते. चुकीची बातमी देत असतात ते मज्जातंतू.

गारवा टिपण्याचं काम त्वचेतले अगदी बारीक तंतू करतात. त्यांच्या टोकांवर टीआरपीएम८ नावाचं प्रथिन असतं. पुदिन्यातलं मेंथॉल गार लागतं ते यालाच चाळवल्यामुळे. (२०२१चं नोबेल मिळवणाऱ्या डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांनी त्याचा अभ्यास केला होता.) साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की हे तंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या, दोन्ही खराब होतात. आधी बिघडतात ते सर्वांत लांब तंतू, आणि कमरेतून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू जवळपास मीटरभर असतात. म्हणून सुरुवात बोटांपासून आणि बहुधा दोन्ही पायांत सारखीच होते. बिघडलेले तंतू काही कारण नसताना संदेश धाडत राहतात: कधी गारठा, कधी मुंग्या, तर रात्री आग.

पाऊल हातालाही गार लागलं, त्यातून एकच पाय जास्त गार असला, तर संशय धमन्यांवर घ्यावा. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की दुखणं ओसरतं, ही त्याची ठळक खूण. डॉक्टर घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर रक्तपुरवठा अडलेला असण्याची दाट शक्यता असते. मधुमेहात मात्र हा आकडा फसवू शकतो. धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, पट्ट्याने नीट दाबल्या जात नाहीत आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. तो १.४च्या वर गेला, तर पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात. शिवाय मज्जातंतू बधिर असले तर पोटरीचं दुखणं जाणवतही नाही.

थायरॉइड मंदावणं, रक्तक्षय, रक्तदाब-हृदयविकारासाठीच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या यांनीही पाय गार पडतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावं. ते कमी पडलं तरी मज्जातंतू बिघडतात, आणि हे कारण दुरुस्त करता येतं. गोळी मात्र मनाने बंद करू नये.

आता शेकाविषयी. गरम पाण्याची पिशवी किंवा हीटर बधिर पायाजवळ नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या संशोधकांनी १९४७ साली दाखवून दिलं की अवघ्या ४४ अंश सेल्सियसलाही त्वचा सुमारे सहा तासांत भाजते. शाबूत पाय त्याआधीच मागे घेतला जातो, बधिर पाय तिथेच पडून राहतो. त्यापेक्षा सैल, जाड पायमोजे घालावेत. त्यांची शिवण टोचणारी नसावी आणि इलॅस्टिकचा वळ उठू नये. पाय धुण्याचं पाणी कोपराने किंवा थर्मामीटरने पाहावं, ३७ अंशांच्या वर नको. बसल्या जागी घोटे फिरवावेत, जमेल तसं चालावं. तंबाखूने धमन्या आवळतात, त्यामुळे ती सोडल्याशिवाय बाकीच्या उपायांना फारसा अर्थ नाही.

एखादा पाय अचानक गार, पांढराफटक आणि दुखरा झाला, तर पायमोजे शोधत बसू नये. धमनी बंद झाली असेल तर पाय वाचवायला हातात काही तासच असतात, तेव्हा थेट रुग्णालय गाठावं.