काडतुसाच्या पुंगळीचे अनुशीतन

काडतुसाच्या पुंगळीचे अनुशीतन : रायफलची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरण्याआधी तिची फक्त मान (गोळी धरणारे अरुंद तोंड) आणि खांदा (मानेखालचा उतार) काही सेकंद तापवून तेवढेच पितळ नरम करण्याची प्रक्रिया. कारखान्यात हिला ॲनिलिंग म्हणतात. तांबट आणि सोनार नुसते ‘ताव देणे’ म्हणून मोकळे होतात.

पुंगळीच्या पितळेत सुमारे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असते. हे मिश्रण थंड असतानाही खोल ओढता येते, म्हणून जाड चकतीपासून टप्प्याटप्प्याने नळकांडे ओढून पुंगळी बनवतात. मात्र थंड पितळेवर ठोका किंवा दाब पडत गेला की आतल्या कणांची रचना विस्कटते, धातू कडक होतो आणि शेवटी तडकतो. सांगली-साताऱ्याकडच्या तांबटाला हे कुणी शिकवावे लागत नाही. हंड्याचा पत्रा ठोकताना हातोडी उसळायला लागली, आवाज टणक झाला, की तो पत्रा भट्टीत लाल करून घेतो. आळस केला तर काठाला चीर जाते. तापवल्यावर विस्कटलेल्या कणांच्या जागी नवे, ताणरहित कण तयार होतात. याला पुनःस्फटिकीभवन म्हणतात. भांडे घडून झाले की मात्र मठारकाम करून, म्हणजे थंड भांडे पुन्हा ठोकून, तो गेलेला कडकपणा मुद्दाम परत आणतो, नाहीतर पहिल्याच आपटीला पोचा पडायचा. मिरजेच्या तंबोऱ्यावरची खर्जाची पितळी तार पाहावी. तार ओढताना अधूनमधून ताव द्यावा लागतो, पण शेवटच्या ओढीनंतर तिला आगीजवळ नेत नाहीत. नरमलेली तार सुरात ताणायला गेले की लांबतच जाते.

भांडे सगळे तापवता येते, पुंगळी नाही. तिच्या दोन टोकांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. 7.62 मिमी नाटो काडतूस उडते तेव्हा आतला दाब सुमारे 4,000 बारपर्यंत चढतो (1 बार म्हणजे जवळपास हवेचा नेहमीचा दाब). हा दाब बुडाने सोसायचा असतो, म्हणून तिथले पितळ कडकच हवे. मान मात्र लवचिक हवी : काडतूस उडताना फुगून तिने नळीच्या कोठीत, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, घट्ट बसायचे, वायू मागे येऊ द्यायचा नाही आणि लगेच थोडी आक्रसून मोकळे व्हायचे. पुन्हा भरणारा ही फुगलेली मान साच्यात दाबून मूळ मापावर आणतो. फुगणे आणि दाबणे, प्रत्येक फेरीत दोन्ही. त्यामुळे मान कडक होत जाते आणि काही फेऱ्यांनंतर उभी चिरते.

चिरलेली पुंगळी दिसते, फेकून देता येते. खरा त्रास त्याआधीचा. कडक मान साच्यातून निघाल्यावर थोडी उलट उघडते, आणि प्रत्येक पुंगळीत हे उघडणे वेगळे असते. गोळीवरची पकड कमी-जास्त होते, तिचा सुटतानाचा वेग बदलतो. 100 मीटरवर याचा पत्ताही लागत नाही. 800-1,000 मीटरवर गोळ्या निशाणावर वर-खाली पसरतात. अनुशीतनाने बंदूक अधिक अचूक होते असा समज आहे, तो तितकासा बरोबर नाही. मिळतो तो सारखेपणा, आणि तोही प्रत्येक पुंगळीला सारखाच ताव बसला तरच.

किती तापवायचे, याला एका आकड्यात उत्तर नाही, कारण तापमान आणि वेळ एकत्रच मोजावे लागतात. भट्टीत तासभर 400 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून जे साधते, त्यासाठी चार-पाच सेकंदांच्या ज्योतीत 500 अंशांच्या पुढे जावे लागते. पुंगळी ज्योतीसमोर फिरती ठेवतात, किंवा विद्युत वेटोळ्यात प्रवर्तनाने (इंडक्शनने) तापवतात. दुसऱ्या पद्धतीत वेळ नेमका राखता येतो. अंधाऱ्या खोलीत मानेवर अगदी पुसट लाली आली की थांबायचे, ही जुनी रीत आहे. ठराविक तापमानाला वितळणारा रंग आत लावून खात्री करणे त्याहून बरे. जास्त तापले तर कण मोठे होतात, जस्त उडू लागते आणि मान गोळी धरीनाशी होते. बूड नरमले तर प्रकरण जिवावर बेतते : बुडातून फुटलेला वायू थेट नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. म्हणून अख्खी पुंगळी ओव्हनमध्ये घालणे हा शुद्ध वेडेपणा.

तापवलेली पुंगळी पाण्यात टाकली तरी पितळ पोलादासारखे कडक होत नाही. पाण्याचा उपयोग एवढाच, की उष्णता बुडाकडे सरकायची थांबते.

कारखान्यातही पुंगळी ओढताना आणि मान घडवल्यावर अनुशीतन करतात. सातारा हा फौजी जिल्हा. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत लष्करी काडतूस पाहिलेली माणसे पुष्कळ. त्या पुंगळीच्या मानेवर निळसर-जांभळी झाक दिसते, ती या तावाचीच. नागरी बाजारातला माल चकचकीत दिसावा म्हणून अनेकदा ती घासून काढतात.

ताव चुकला की काय होते, याचा जुना दाखला हिंदुस्थानातलाच आहे. ब्रिटिश फौजेची साठवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण मांडले : घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेत राहून गेलेला ताण. तिन्ही एकत्र आले तरच भेग पडते. 250 अंशांच्या आसपास तासभर ठेवून ताण काढला की कडकपणा फारसा न जाता हा धोका टळतो.

भारतात काडतूस भरणे हे दारूगोळ्याचे उत्पादन ठरते आणि शस्त्र अधिनियम, 1959 नुसार त्याला परवाना लागतो, त्यामुळे हे घरच्या घरी करायचे काम नव्हे. ऑलिंपिक नेमबाजीत तर त्याची गरजच पडत नाही. शेजारच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो प्रकार .22 रिमफायर काडतुसांचा आहे. त्यांत ठिणगीचे रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि बंदुकीच्या फायरिंग पिनच्या आघाताने ती कड चेपते, म्हणून एकदा उडालेली पुंगळी थेट मोडीत जाते.