चतुर आणि टाचणी

ओडोनाटा या कीटकगणातले दोन प्रमुख गट. जगात त्यांच्या 6,000 हून अधिक जाती असून भारतात सुमारे 500 आढळतात. मराठवाड्यात पाझर तलाव, शेततळी, बारवा, कालवे, गोदावरी-मांजरा-दुधनेचे काठ आणि पैठणच्या नाथसागराची उथळ किनार येथे ते दिसतात.

ओळख. चतुर दणकट असतो. त्याचा मागचा पंख बुडाशी पुढच्यापेक्षा रुंद असतो आणि बसल्यावर चारही पंख आडवे पसरलेले राहतात. टाचणी सडपातळ असते. तिचे चारही पंख सारखेच, बुडाशी निमुळते असतात व बसताना ती ते पाठीवर मिटते. लेस्टिडे कुळातल्या बहुतेक टाचण्या मात्र पंख अर्धवट उघडे ठेवतात. चतुराचे डोळे एकमेकांना भिडलेले आणि टाचणीचे दूर, ही खूण बहुतेक वेळा चालते. पण तलावाकाठी काटकीच्या टोकावर बसणाऱ्या काळ्या-पिवळ्या इक्टिनोगोम्फस रॅपॅक्स या चतुराचे डोळेही वेगळे असतात. म्हणून भिस्त पंखांवरच ठेवावी. दोघांनाही नांगी नसते. शेपटी समजला जाणारा भाग म्हणजे दहा खंडांचे उदर.

चारही पंख स्वतंत्रपणे हलवता येत असल्याने चतुर हवेत एका जागी थांबतो, झटक्यात वळतो. काटेरी पायांची ओंजळ करून तो उडतानाच भक्ष्य धरतो. चालण्यासाठी हे पाय जवळपास निरुपयोगी.

पाण्यातले आयुष्य. खरे आयुष्य पाण्याखाली जाते, आणि तेच सहसा कुणी पाहत नाही. पिल्लाचा खालचा ओठ डोक्याखाली दुमडलेला असतो. भक्ष्य टप्प्यात येताच तो झटक्यात पुढे येतो आणि टोकाच्या आकड्यांनी डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्ले, बारीक मासे पकडतो. चतुराच्या पिल्लाचे कल्ले गुदाशयात असतात; तेथील पाणी जोरात मागे फेकून ते पुढे झेपावते. टाचणीच्या पिल्लाला मागे पानांसारखे तीन कल्ले असतात.

साधारण 8 ते 15 वेळा कात टाकल्यावर पिल्लू खाणे थांबवते आणि रात्री किंवा पहाटे लव्हाळ्याच्या, पाणकणसाच्या देठावर चढते. पाठ उकलते, अंग बाहेर येते, मग पंखांत द्रव भरून ते उलगडतात. कोषावस्था नसतेच. याच काही तासांत जास्त घात होतो: जोराचा वारा, सरी, मुंग्या, किंवा त्याच देठावर चढणारे दुसरे पिल्लू. पंख चुरगळलेलेच वाळले तर उडणे संपले. देठाला चिकटलेली रिकामी कात सापडली, तरच त्या पाण्यात पैदास होते असे खात्रीने म्हणावे. नुसता उडणारा चतुर लांबूनही आलेला असू शकतो.

मीलन. नराच्या शुक्रपेशी उदराच्या नवव्या खंडातून बाहेर येतात, पण मीलनाचे इंद्रिय दुसऱ्या खंडाखाली असते. म्हणून तो उदर वाकवून त्या आधी तिथे नेतो. मग शेपटाच्या चिमट्याने चतुराचा नर मादीचे डोके, तर टाचणीचा नर तिची मान पकडतो. मादी उदराचे टोक वळवून त्याच्या दुसऱ्या खंडाला भिडवते आणि दोघांचे कडे तयार होते. आधीच्या नराच्या शुक्रपेशी काही जातींचे नर खरवडून काढतात, हे 1979 मध्ये जोनाथन वागे यांनी टाचणीत दाखवले. मादी अंडी घालेपर्यंत अनेक नर तिला सोडत नाहीत, त्याचे कारण हेच.

पाणी आणि जाती. पावसाळ्यात सोयाबीनवर, माळावर थव्याने फिरणारा पिवळसर चतुर म्हणजे पँटाला फ्लॅवेसेन्स. त्याची वाढ उबदार डबक्यात दीड-दोन महिन्यांत उरकते. पावसाने मोठा खंड दिला आणि डबके आटले, तर ती सगळी पिढी जाते. पावसाळा सरताना हेच चतुर भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. हौदाच्या, विहिरीच्या दगडी कठड्यावर ठिपकेदार करड्या रंगामुळे दिसेनासा होणारा ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. सांडपाण्याच्या नाल्याकाठी नारिंगी ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा भरपूर असतो. तो एकटाच दिसत असेल तर पाण्याबद्दल शंका घ्यावी. भर उन्हात काही चतुर उदर सूर्याकडे सरळ उभे करून बसतात. त्यामुळे अंगावर कमी ऊन पडते.

उपयोग आणि धोके. डासांवर इलाज म्हणून चतुरांवर विसंबू नये. घरातल्या रांजणात डास आठवड्या-दीड आठवड्यात तयार होतो, चतुराच्या पिल्लाला किमान काही आठवडे लागतात. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून सुकवण्याचा कोरडा दिवस पाळावाच लागतो. तलावात सोडलेले गप्पी मासे चतुरांची लहान पिल्लेही खातात. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात टाचणीला अंडी खुपसायला वनस्पती नसते आणि पिल्लाला चढायला पकड मिळत नाही. एका कडेला पाणकणसाच्या कुंड्या ठेवल्या तर दोन्ही सोय होते, अस्तरही फाटत नाही. कपाशीवरच्या रसशोषक किडींसाठी वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड वाहून पाण्यात गेले की पिल्ले मरतात, म्हणून फवारणीचा पंप तळ्यावर धुऊ नये. चतुर पाणी ओळखतो ते पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवित प्रकाशावरून. त्यामुळे चकचकीत प्लॅस्टिकवर, गाडीच्या टपावरही मादी उदर टेकवत अंडी घालते आणि ती उन्हात वाळून जातात.