‘ठेविले अनंते’ वेगळं आणि ‘देईल खाटल्यावरी’ वेगळं

तुकोबांचा अभंग आणि आळशी माणसाची म्हण यांची गल्लत आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती दोन्ही बाजूंचे लोक करतात. ज्यांना देवाधर्माचं वावडं आहे ते म्हणतात, ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ या ओळीनेच मराठी माणसाला झोपवून ठेवलं. आणि श्रद्धा असणाऱ्यांपैकी बरेच जण नोकरी गेली, आजारपण आलं, पाऊस लांबला की तीच ओळ म्हणतात आणि हातावर हात ठेवून बसतात. पहिल्यांचा आरोप दुसऱ्यांच्या वागण्यामुळे खरा वाटू लागतो. या दोघांच्या मध्ये तुकोबा चिरडले जातात, याचा मला मनापासून त्रास होतो. काहीच नक्की नसताना देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगणारी आपल्या भाषेतली इतकी नेमकी ओळ आपण आळसाच्या खात्यावर मांडून टाकली आहे.

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण समजावून सांगायची गरज नाही. ती आळशाला टोचायलाच जन्मली आणि तिचं काम ती चोख करते. वरवरच्या फरकांतही शिरायला नको. देवळात जाणारा कोण, न जाणारा कोण, गळ्यात तुळशीची माळ कुणाच्या, उपास किती, यावरून भरवसा आणि दैववाद वेगळे ओळखता येत नाहीत. माळकरी माणूस खाटल्यावर बसलेला असू शकतो आणि वर्षात एकदाही देवळाची पायरी न चढणारा माणूस पुरता निर्धास्त असू शकतो.

घोळ होतो तो एकाच ठिकाणी: देवावर ‘भार टाकायचा’ म्हणतात, तो भार कशाचा?

अभंग तीनच कडव्यांचा आहे, पण बहुतेकांना पहिलं कडवंच पाठ असतं. म्हणून तो पुरता लिहितो.

ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान ॥
वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ । भोगणे ते फळ संचिताचे ॥
तुका म्हणे घालू तयावरी भार । वाहू हा संसार देवापायी ॥

समाधान मागितलं आहे ते चित्तात. हातापायांनी काय करावं, काय करू नये, याबद्दल इथे एक अक्षरही नाही. सोडायला सांगितला आहे तो उद्वेग. रात्री दोन वाजता आढ्याकडे बघत केलेला तोच तो हिशोब, ज्याने सकाळपर्यंत एक पैसासुद्धा वाढलेला नसतो, तो हा उद्वेग. ‘संचिताचे फळ’ आलं की टीकाकार तिथे बोट ठेवतात, बघा, शेवटी नशीबच! पण संचित म्हणजे होऊन गेलेलं. बुडालेला पैसा, गेलेलं माणूस, वाया गेलेला हंगाम. त्यावर जीव जाळून ते बदलत नाही, एवढंच तुकोबा सांगतात. उद्याची पेरणी संचितात येत नाही, ती अजून व्हायची आहे. आणि शेवटच्या ओळीत संसार देवाच्या पायी वाहायचा म्हणतात. वाहायला आधी ओंजळीत काहीतरी असावं लागतं. संसार केलाच नाही तर वाहणार काय?

म्हणजे देवाकडे द्यायचं ते फळाचं ओझं. काम आपल्याकडेच राहतं. खाटल्यावरचा माणूस नेमका याच्या उलट वागतो. तो काम देवाकडे सोपवतो आणि फळ मात्र स्वतः ठरवून बसतो. बदली पुण्यालाच हवी, मुलीला स्थळ डॉक्टरचंच हवं, सौदा याच महिन्यात व्हायला हवा. यादी याची, पोचवणारा हरी. नीट पाहिलं तर याची भिस्त देवावर नसतेच, ती स्वतःच्या इच्छेवर असते. म्हणूनच दैववादी माणूस आणि ‘मी ठरवलं की होतंच’ म्हणणारा माणूस हे मला फार जवळचे नातेवाईक वाटतात. काय घडायला हवं हे दोघांनीही मनाशी पक्कं केलेलं असतं. फक्त एक जण त्यासाठी राबतो आणि दुसरा नवस बोलतो. नवसाने मुलं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, असा रोखठोक प्रश्न विचारणारे तुकोबाच होते. त्यांना खाटल्यावरच्या माणसाचा गुरू कसं काय केलं कुणी, हे मला अजून कळलेलं नाही.

अभंगावर शंका असेल तर ज्याने तो लिहिला त्याचं आयुष्य पाहावं. देहूचं घर खाऊनपिऊन सुखी, दुकान, घरात महाजनकी, म्हणजे पेठेच्या कारभाराचं वतन. १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला आणि सगळं धुऊन निघालं. आपली हकिगत तुकोबांनी एका अभंगात स्वतःच सांगितली आहे: दुष्काळाने द्रव्य आटलं, मान गेला, एक बायको ‘अन्न अन्न करिता मेली’. पुढे म्हणतात, ‘लज्जा वाटे जिवा त्रासलो या दुःखे’. समाधान सांगणारा माणूस लाज वाटल्याचं, त्रासल्याचं उघड बोलतो. तेव्हा समाधान म्हणजे दुःख न होणं, हाही गैरसमज इथेच मिटावा. आणि मग तो काय करतो? त्याच अभंगात पुढे आहे: देऊळ भंगलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन सुरू केलं. आधी अभ्यासात चित्त नव्हतं, म्हणून संतांची वचनं विश्वासाने पाठ केली. पैसा गेल्यावर, माणूस गेल्यावर, एवढं काम. ‘असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास’ हेही याच माणसाचं वचन आहे आणि त्याच्या दृष्टीने या दोन वचनांत काहीच भांडण नव्हतं.

आणखी एक वाटणी मला खटकते. तुकोबा शरणागतीचे, रामदास प्रयत्नाचे, अशी दोन खाती पाडायची आपल्याला सवय लागली आहे. रामदासांची ‘सामर्थ्य आहे चळवळीचे’ ही ओवी भाषणांत, फलकांवर दिसते, पण बहुतेक वेळा अर्धीच. पुढे ‘परंतु येथे भगवंताचे अधिष्ठान पाहिजे’ असं आहे. तुकोबांचं पहिलं कडवं घ्यायचं आणि रामदासांची अर्धी ओवी घ्यायची, मग दोघांना समोरासमोर उभं करायचं, हा दोघांवरही अन्याय आहे.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. माझे मामा लातूरकडे कोरडवाहू शेती करतात. मे महिन्यात ते घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून शंभर दाणे मोजून काढतात. गोणपाट भिजवायचं, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून द्यायची. अधूनमधून पाणी शिंपडायचं. आठवडाभरात गुंडाळी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चालतं. कमी उगवले तर एकरी बी वाढवायचं, फारच कमी असले तर बदलायचं. मग बीजप्रक्रिया, म्हणजे बियाण्याला औषध चोळणं. मग खरी परीक्षा, थांबण्याची. जूनमधला पहिला पाऊस पडला की आजूबाजूचे चाड्यावर मूठ धरतात, म्हणजे पेरायला लागतात. मामा धरत नाहीत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ते तेवढी ओल होईपर्यंत थांबतात. ज्या वर्षी पेरणी वेळेत उरकते त्या वर्षी ते वाटेत कुठेतरी दिंडीला जाऊन मिळतात. बी मातीत आणि मामा पंढरपूरच्या वाटेवर.

मी विचारलं होतं, तुम्ही वारीत असताना इकडे पावसाने ताण दिला तर? ते म्हणाले, “बी तपासणं माझ्याकडं, उगवणं त्याच्याकडं. मी त्याच्या कामात लुडबुड करत न्हाई, आन् त्यानं माझं काम करावं म्हणून बसतबी न्हाई.”

एका वर्षी पावसाने खरंच ताण दिला, उगवलेलं करपलं. त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही, दोन दिवस जेवणावरून उठत होते. पण देवाशी भांडण नव्हतं, कारण देवाने अमुक द्यायचं असं त्यांचं काही ठरलेलंच नव्हतं. सोयाबीनची वेळ टळली होती, म्हणून त्यांनी तूर आणि सूर्यफूल घेतलं. भरवसा आणि दैववाद वेगळे ओळखायची खरी जागा ही आहे. सगळं सुरळीत असताना दोन्ही माणसं सारखीच दिसतात. मोडल्यावर खाटल्यावरचा म्हणतो, एवढं केलं देवासाठी, तरी असं? दुसरा रडतो, आणि पुढचं बियाणं बघायला जातो.

वारीकडेही लोक नुसती भोळी भक्ती म्हणून बघतात. ज्यांनी सगळं विठ्ठलावर सोपवलं आहे असं आपण म्हणतो, त्यांची शिस्त जरा बघावी. माउलींच्या पालखीत रथाच्या पुढे कोणती दिंडी आणि मागे कोणती, हा क्रम ठरलेला असतो. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड वर केला की हजारो टाळ एकदम थांबतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा तिथेच होतो आणि ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, तिची दखल घेतली जाते. ही माणसं देवावर हवाला ठेवून गैरव्यवस्थेत चालत नाहीत. आणि २०२० साली, जेव्हा उद्याचं कुणालाच काही सांगता येत नव्हतं, तेव्हा पायी वारी झाली नाही. १ जुलैच्या आषाढीसाठी पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकऱ्यांनी घरीच टाळ वाजवले. ‘विठ्ठल राखेल, चला’ म्हणणं सोपं होतं. घरी थांबणं हा त्या वर्षीचा भरवसा होता.

यावर कुणी म्हणेल, काम तर दोघंही करतात, मग देवावर भरवसा ठेवणाऱ्यात आणि फक्त स्वतःवर विसंबणाऱ्यात फरक काय राहिला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत मिळतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना तिथे भिंतीभिंतीवर एकच शिकवण वाचायला मिळते: तुझं नशीब तुझ्याच हातात आहे. जागा थोड्या, उमेदवार लाखांनी. जाहिरात कधी निघेल, निकाल कधी लागेल, कोर्टात काय अडकेल, यातलं काहीही त्या मुलाच्या हातात नसतं. त्याच्या हातात अभ्यास असतो. पण ‘सगळं तुझ्याच हातात’ असं ज्याच्या मनावर ठसलं आहे, त्याची यादी एका गुणाने हुकली की हुकते ती परीक्षा राहत नाही, तो स्वतःच हुकला असं त्याला वाटू लागतं. स्वतःवरच सगळी भिस्त ठेवणाऱ्याला पडल्यावर धरायला दुसरं काही नसतं. मला ही शिकवण निर्दय वाटते आणि मुलांच्या समोरच्या भिंतीवरून ती आधी काढावी असं माझं स्पष्ट मत आहे. देवावर भरवसा असलेला मुलगा अभ्यास तेवढाच करतो, पण आपली किंमत निकालाच्या यादीत शोधत नाही. ती दुसऱ्या कुणाच्या तरी हाती सुरक्षित आहे असं त्याला वाटतं. काम तेच, पण झोप लागते. आणि यश मिळालं तर मानही ताठत नाही, हा दुसरा फायदा.

दवाखाना, विमा, बचत यांबद्दल कुणी ‘मग श्रद्धा कमी का’ असं विचारतं, त्यावर मी वेळ घालवत नाही. औषध घेणं हे आपल्याकडचं काम आहे, गुण येणं नाही. विषय संपला.

शेवटी एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. ‘ठेविले अनंते’ ही ओळ तुकोबांनी स्वतःच्या मनाला सांगितली आहे. घालू, वाहू, असं ते स्वतःबद्दल बोलतात. दुसऱ्याला ऐकवण्यासाठी ती नाही. मालकाने पगारवाढ मागणाऱ्या कामगाराला, सासरच्यांनी विधवा सुनेला, पुढाऱ्याने गारपीट झालेल्या गावाला ही ओळ म्हणून दाखवणं मी ऐकलं आहे. तिथे ती भक्ती राहत नाही, गप्प बसवण्याचं साधन होते. माझ्या मते खाटल्यावरच्या आळसाने या अभंगाचं झालं नाही एवढं नुकसान या वापराने झालं. ज्याचं पीक आडवं झालं आहे त्याच्या बांधावर गेलात तर अभंग म्हणू नका. पीक विमा भरला असेल तर नुकसान कळवायचं का, कुठे आणि कधीपर्यंत, हे विचारून घ्यावं लागतं. त्याला त्या दिवशी ते सुचत नसतं. त्याचा फोन घ्या, फोटो काढा, लागेल ती तक्रार नोंदवून द्या आणि पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा त्याच्या शेजारी उभे राहा.